‘शक्य असेल तर’ : मागच्या रांगेतून वाचलेली तीन पुस्तके

पुस्तकाचे परीक्षण करणाऱ्याने ते कोठे बसून वाचले हे सांगण्याची आपल्याकडे प्रथा नाही. मला मात्र ते सांगणे भाग आहे. ज्या तीन पुस्तकांविषयी येथे लिहावयाचे आहे, ती मी पूर्वी एकदा घरी खुर्चीत बसून चाळली होती, आणि तेव्हा त्यांतले मला फारसे काही उमगले नव्हते. ती उमगू लागली आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात, सतरंजीवर, शेवटच्या रांगेत. सकाळची मिस्सा आटोपली की आठवड्यातून तीन दिवस तेथे योगासनांचा वर्ग भरतो. बावीस बायका, चार पुरुष. सर्वांत धाकटी कॉलेजात जाणारी, सर्वांत थोरल्या आजी सत्त्याहत्तरच्या. शिकविणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची असून पुण्याच्या अय्यंगार परंपरेत तयार झालेली आहे.

शेवटच्या रांगेची सवय मला चर्चमध्येच लागली. तीन वर्षांपूर्वी उजवा गुडघा वाकेनासा झाला आणि अर्पणविधीच्या वेळी सगळे मंदिर गुडघे टेकत असताना मी एकटी बाकाच्या कडेला टेकून बसू लागले. कोणी काही म्हटले नाही. तरीही पुढच्या पाठीकडे पाहत बसलेल्या त्या चारपाच मिनिटांत माझे अंग मला अवजड आणि परके वाटे. हळूहळू मी तिसऱ्या बाकावरून शेवटच्या बाकावर आले. त्याच सुमारास मी दुसरीकडे एका योगवर्गाला गेले होते. तेथील शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सर्वांदेखत, ‘‘आधी पोट कमी करा, मग या,’’ असे सांगितले. मी हसले आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. म्हणून आमच्या सभागृहातला वर्ग सुरू झाला तेव्हा प्रथम मी पुस्तके काढली. अंगाला जे जमत नाही ते डोळ्यांनी उरकावे, हा आम्हा वाचणाऱ्या माणसांचा जुना मार्ग आहे.

पहिले पुस्तक अर्थातच बी. के. एस. अय्यंगार यांचे ‘लाइट ऑन योगा’. लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अन्विन या प्रकाशनाने ते 1966 साली काढले. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांची प्रस्तावना त्यास आहे. 1952 साली मुंबईत या दोघांची भेट झाली आणि त्या भेटीतूनच अय्यंगारांचे नाव युरोपात पोहोचले. सुमारे दोनशे आसने आणि सहाशेहून अधिक छायाचित्रे असा या ग्रंथाचा पसारा आहे. प्रत्येक आसनाच्या नावापुढे अवघडपणाचा एक अंक दिलेला आहे. तो एकपासून सुरू होतो आणि थेट साठपर्यंत जातो. शेवटी परिशिष्टात तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रमही आखून दिलेला आहे. तीनशे आठवडे म्हणजे पावणेसहा वर्षे. अठ्ठावन्नाव्या वर्षी हा हिशेब करणाऱ्या वाचकाच्या मनाची अवस्था लेखकाने विचारात घेतली नसावी.

या पुस्तकाची कीर्ती त्याच्या छायाचित्रांवर उभी आहे आणि माझी तक्रारही त्यांच्याविषयीच आहे. साधी पार्श्वभूमी, आखूड चड्डी, आणि चाळिशी ओलांडलेल्या एका माणसाचा निर्दोष देह. त्रिकोणासन पाहावे तर तळहात पावलाशेजारी जमिनीवर सपाट टेकलेला, दुसरा हात आकाशाकडे, छाती उघडलेली, आणि चेहऱ्यावर प्रयत्नाची रेघही नाही. ते चित्र सुंदर आहे यात वाद नाही. परंतु पान उलटताना माझ्या मनाला झाले ते वेगळेच. आरसा नसलेल्या सभागृहात मी प्रथमच स्वतःस आरशात पाहिले. हे पुस्तक घरात आणून दोन दिवसांत कपाटावर ठेवून देणारे कितीतरी लोक मला ठाऊक आहेत. विचारले तर ‘वेळ मिळत नाही’ असे उत्तर येते. मला वाटते, वेळेपेक्षा या चित्रांनीच त्यांना परतवून लावले असावे.

वर्गाच्या दुसऱ्या महिन्यात मी पुस्तक पुन्हा उघडले, आणि या खेपेस चित्र झाकून मजकूर वाचला. तेथे मला एक निराळाच लेखक भेटला. त्याच त्रिकोणासनाच्या कृतीत तो म्हणतो की तळहात घोट्याजवळ न्यावा. आणि मग, शक्य असेल तर, तो जमिनीवर पूर्ण टेकवावा. शक्य असेल तर! छायाचित्रात या तीन शब्दांना जागाच नाही. छायाचित्राला फक्त ‘झाले’ एवढेच सांगता येते. ‘होत आहे’ हे सांगण्याची सोय त्याच्यापाशी नसते. वीरासनाचेही तसेच. दोन्ही पावलांच्या मध्ये जमिनीवर बसता येत नसेल त्यांनी पाऊल पावलावर ठेवून त्यावर बसावे आणि हळूहळू पावले दूर सारीत जावे, असे गद्य सांगते. गुडघ्यांवर बसणे ज्याला नाकारले गेले आहे अशा माणसाने ते वाक्य कसे वाचले असेल, हे मी वर्णन करीत बसत नाही.

तेव्हा माझे मत असे झाले आहे की या ग्रंथातील गद्य त्याच्या चित्रांपेक्षा अधिक दयाळू आहे, आणि अधिक श्रेष्ठही. त्यात अलंकार नाहीत. क्रियापद आज्ञार्थी, वाक्य आखूड, अवयवाचे नाव नेमके, श्वास घ्यावयाचा की सोडावयाचा ते स्पष्ट. पहिले आसन ताडासन, म्हणजे नुसते उभे राहणे. तेथे लेखक माणसांच्या पादत्राणांकडे बोट दाखवितो. आपण सगळा भार एका पायावर किंवा पावलाच्या एका कडेवर टाकून उभे राहतो आणि त्याची खूण टाचा व तळवे कोठे झिजले आहेत त्यावर उमटते, असे त्याचे निरीक्षण आहे. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी सभागृहाच्या पायरीवर माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या. उजवी टाच बाहेरच्या अंगाने चंद्रकोरीसारखी झिजलेली होती. शेजारच्या आजींनी विचारले, ‘‘काय गं, मोडली का चप्पल?’’ मी सांगितल्यावर त्यांनीही आपली उलटी केली. मग पायरीवर सातआठ जणी चपला हातात घेऊन उभ्या राहिल्या. फादर तेवढ्यात बाहेर आले. त्यांना काय वाटले असेल ते त्यांनाच ठाऊक. कथा-कादंबऱ्यांची परीक्षणे मी बरीच केली, परंतु वाचकाला स्वतःची चप्पल उलटी करून पाहावयास लावणारे वाक्य माझ्या पाहण्यात फारसे नाही.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. परिशिष्टात कोणत्या रोगावर कोणती आसने करावीत याची लांबलचक यादी आहे. ती ज्या निःशंकपणे दिलेली आहे तो निःशंकपणा आज पटण्याजोगा नाही. डॉक्टरांना न विचारता तिच्यावर विसंबू नये. दुसरा दोष मला अधिक जाणवतो. ज्या माणसाच्या देहाची ही चित्रे आहेत, त्याचे बालपण अत्यंत रोगट होते. 1918 साली, इन्फ्ल्युएन्झाच्या साथीत, कर्नाटकातील बेल्लूर येथे तेरा भावंडांतला अकरावा म्हणून ते जन्मले. हिवताप, विषमज्वर, क्षय या सगळ्यांतून ते गेले. काटकुळे हातपाय आणि पुढे आलेले पोट अशी आपली त्या काळची मूर्ती होती, असे पुढे त्यांनी स्वतःच सांगितले. 1934 साली मेहुणे टी. कृष्णम्माचार्य यांनी त्यांना म्हैसूरला बोलाविले आणि 1937 साली, अवघ्या अठराव्या वर्षी, ते शिकविण्यासाठी पुण्यास आले. हा इतिहास या ग्रंथाच्या आसनविभागात कोठेही डोकावत नाही. साठ अंकांच्या शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवरील माणूस आपणांस दिसतो. शिडीच्या खाली उभा असलेला, लाजणारा तो मुलगा दिसत नाही. पाच-दहा छायाचित्रे कमी करून त्या मुलाविषयी दोन पाने दिली असती तर पुस्तक अपुरे खासच वाटले नसते. त्या मुलाची ओळख वाचकाला पुढे 2005 सालच्या ‘लाइट ऑन लाइफ’मध्ये होते. म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी.

आणखी एक गोष्ट. विटा, पट्टे, दोर, घड्या घातलेली घोंगडी, खुर्ची, या ज्या साधनांमुळे अय्यंगारांची पद्धत म्हाताऱ्या आणि दुखऱ्या माणसांपर्यंत पोहोचली, ती 1966 च्या या चित्रांत जवळजवळ नाहीतच. पुण्यात 1975 साली त्यांची संस्था उभी राहिली. 1973 साली निवर्तलेल्या पत्नी रमामणी यांचे नाव तिला दिले गेले. तेथील वर्गांत आज ही साधने सर्रास वापरली जातात. म्हणजे शिक्षक पुस्तकाच्या पुढे गेला. आमची शिक्षिका माझ्या हाताखाली लाकडी वीट सरकविते आणि म्हणते, ‘‘मावशी, जमीन तुमच्याकडे येऊ दे. तुम्ही कशाला घाई करता?’’ हे वाक्य पुस्तकात नाही. असायला हवे होते.

दुसरे पुस्तक आपल्या घरचे. येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांचे ‘साधना : अ वे टू गॉड’. 1978 साली ते प्रसिद्ध झाले. मुंबईत 1931 साली जन्मलेले, पुण्यात आणि लोणावळ्यात अनेक धर्मगुरूंना व धर्मभगिनींना ध्यान शिकविणारे, 1987 साली न्यूयॉर्क येथे अकस्मात निधन पावलेले डिमेलो आपल्या वाचकांस सांगावयास नकोत. सत्तेचाळीस प्रात्यक्षिकांच्या या पुस्तकात प्रारंभीच देहाच्या संवेदना येतात. खांद्याला लागणारे कापड, पाठीला लागणारी खुर्ची, एकावर एक ठेवलेले हात. यांची फक्त जाणीव ठेवावयाची, त्यांविषयी विचार करावयाचा नाही. प्रार्थनेच्या पुस्तकाची सुरुवात खांद्यावरच्या सदऱ्यापासून व्हावी, हे 1978 साली धाडसच होते.

‘‘योग केलेला चालतो का?’’ असा प्रश्न आमच्याही धर्मग्रामात उठला, म्हणून येथे थोडे विषयांतर करते. विश्वाससिद्धान्त मंडळाने 15 ऑक्टोबर 1989 रोजी ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना एक पत्र पाठविले. त्यावर कार्डिनल रॅट्झिंगर यांची सही आहे. पत्राचे नाव घेणारे पुष्कळ भेटतात, वाचलेले थोडे. देहाची बैठक आणि ठेवण यांचा मनाच्या एकाग्रतेवर परिणाम होतो हे ते पत्र मान्य करते. ते सावध करते ते एका निराळ्याच गोष्टीविषयी : अंगाला लाभलेली शांती आणि सुखद संवेदना यांनाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये. मला हा इशारा अगदी व्यवहारी वाटतो. शवासनात डोळा लागला म्हणजे ध्यान लागले, असे आमच्या वर्गातही काही जणांना वाटते. घोरण्याचा आवाज मात्र त्यास दुजोरा देत नाही. डिमेलो यांच्या लिखाणाविषयी 1998 साली त्याच मंडळाने स्वतंत्र सूचना काढली हेही नमूद केले पाहिजे.

माझा आक्षेप धर्मसिद्धान्ताचा नाही, तो वाचकाचा आहे. डिमेलोंच्या पुस्तकातल्या देहाला स्पर्श आहे, श्वास आहे, कान आहेत. परंतु वजन नाही, वय नाही. तो देह खुर्चीत सरळ बसू शकतो हे गृहीतच धरलेले आहे. तो कोणाच्या नजरेला पडत नाही, कारण त्याचे डोळे मिटलेले आहेत आणि इतरांचेही. लाज ही बहुतेक वेळा डोळे उघडे असताना येते. सभागृहात पाय फाकून उभे राहिलेल्या, गुडघ्यावर सलवार ताणली गेलेल्या बाईला देहाच्या संवेदना पुष्कळ असतात, पण त्यांत पहिली संवेदना मागून कोणी पाहत आहे काय ही असते. त्या संवेदनेवर ‘साधना’मध्ये प्रात्यक्षिक नाही. पुस्तक फार सुंदर आहे, विशेषतः त्याची संथ, मित्रासारखी भाषा. पण ते एकट्याचे पुस्तक आहे, समूहाचे नाही.

आणि समूहात देह वावरविणे ही तर आपली शतकांची सवय आहे. मिस्सा म्हणजे काय केवळ ऐकावयाची गोष्ट आहे? शुभवर्तमानाला आपण उठतो, वाचनाला बसतो, अर्पणविधीला गुडघे टेकतो, शांतीच्या वेळी शेजाऱ्याकडे वळतो. गुरुदीक्षेच्या वेळी तरुण उमेदवार पालथे जमिनीवर पडतात तेव्हा आयांचे डोळे भरून येतात ते त्या दृश्याने. शब्दांना तेथे फारसे काम नसते. रांगेत, एकत्र, एकाच क्षणी, एकाच दिशेला तोंड करून केलेली ही हालचाल योगवर्गात गेल्यावर मला ओळखीची वाटली ती उगाच नव्हे. तरीही आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यात हा देह फार थोडा उतरला आहे. 1616 साली सिद्ध झालेल्या फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात प्रभूच्या दुःखभोगाचे वर्णन करताना मराठी भाषा देहाची सगळी वेदना पेलते. पण ती वेदना झाली. तुमच्याआमच्या साध्या, सुजलेल्या, बाळंतपणे झालेल्या देहाविषयी आपण काय लिहिले? देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे हा संत पौलाचा विचार आपण प्रवचनांत पुष्कळदा ऐकतो, आणि तो ऐकावयास मिळतो तो बहुधा काय करू नये हे सांगताना. मंदिराची डागडुजी कशी करावी, भिंतीला तडा गेला तर त्याची लाज का वाटू नये, यावर प्रवचन झाल्याचे मला आठवत नाही. अंगभर लुगडे नेसणाऱ्या माझ्या आजीने भाताच्या खाचरात दिवसभर ओणवे राहून काम केले. तिच्या कंबरेविषयी घरात कोणी बोलले असेल तर ती दुखते एवढेच.

तिसरे पुस्तक अय्यंगारांच्या कन्या गीता अय्यंगार यांचे : ‘योगा : अ जेम फॉर विमेन’, इंग्रजीत 1983 साली आलेले. वडिलांच्या ग्रंथापुढे ते नेहमी झाकोळले गेले. गीताबाईंना लहानपणी मूत्रपिंडाचा गंभीर विकार जडला होता आणि त्यातून त्या आसनांकडे वळल्या. 2018 साली, वडिलांच्या जन्मशताब्दी वर्षातच, त्यांचे निधन झाले. या पुस्तकातल्या देहाला महिने आहेत, गर्भ आहे, बाळंतपण आहे, पाळी जाण्याचे वय आहे. कोणत्या दिवसांत कोणती आसने करू नयेत हे येथे आडपडदा न ठेवता सांगितले आहे. ‘लाइट ऑन योगा’तला देह चाळिशीतल्या पुरुषाचा असून पानापानांवर तसाच राहतो. गीताबाईंच्या पुस्तकातला देह बदलत राहतो आणि हे बदलणे त्या दोष मानीत नाहीत. शास्त्र तेच आणि घरही तेच. तरी एवढ्या एका गोष्टीने पुस्तकाची जात बदलते.

उणिवा येथेही आहेत. स्त्रीच्या गृहिणीपणाचा आणि मातृत्वाचा जो गौरव प्रारंभी येतो तो आजच्या मुलींना जुनाट वाटेल. आमच्या वर्गातल्या कॉलेजकन्येने तर तेवढा भाग वाचून पुस्तक मला परत दिले. शैली वडिलांइतकी धारदार नाही, एका वाक्यात जे बसले असते त्याला पुष्कळदा तीन लागतात. छायाचित्रे चांगल्या अभ्यासकाची आहेत, म्हणजे तेथेही आपण दिसत नाहीच. तरी ही पाने उलटताना मला माझ्या अंगाची चोरी वाटली नाही. मी हे पुस्तक घरात सगळ्यांसमोर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडे ठेवू शकले. ‘लाइट ऑन योगा’ मी कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर घालून वाचत असे.

देहाविषयीचा आत्मविश्वास हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. संयुक्त राष्ट्रसंघाने 2014 साली ठराव केल्यापासून, म्हणजे 2015 पासून, दर 21 जूनला योगदिन होतो आणि मैदाने भरतात, मोबाइलवर छायाचित्रे फिरतात. त्या छायाचित्रांत पहिल्या रांगेत कोण असते हे पाहण्यासारखे आहे. आपले शरीर सुंदर आहे असे स्वतःस बजावीत राहावे, असा त्या शब्दाचा अर्थ बहुतेक जण घेतात. माझा अनुभव असा की वर्गात स्वतःस काही बजावण्याइतका श्वासच उरत नाही. डावी टाच दाबा, उजवी मांडी वर खेचा, खांदा मागे. एवढे करताना आपण कसे दिसतो हा विचार काही क्षण हातून निसटतो. मला लाभले ते एवढेच, निसटलेले काही क्षण. सभोवती आणखी पंचवीस माणसे आपापल्या टाचेत गुंतलेली असतात, सत्त्याहत्तर वर्षांच्या आजी भिंतीला टेकून हसत असतात, आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. घरी एकटीने करताना हे होत नाही. तेथे कपाटाचा आरसा असतो.

या तिन्ही पुस्तकांत वर्गातील शेजारी कोठेच नाही. ही माझी मोठी तक्रार आहे, आणि ती कोणा एका लेखकाविरुद्ध नाही. आसनांवरचे पुस्तक लिहिणारा बहुधा गुरू असतो. त्याला समोरची रांग दिसते, शेवटच्या रांगेतून पुढच्या पाठी कशा दिसतात हे त्याने केव्हाच विसरलेले असते. ते पुस्तक कोणा विद्यार्थ्याने लिहावे लागेल. मराठीत लिहिले गेले तर फारच बरे.

गुडघ्याचे विचाराल तर तो पूर्ण वाकत नाही. वीरासनात मी दोन घोंगड्यांच्या घडीवर बसते. चौदा महिन्यांपूर्वी चार लागत. मागच्या रविवारी मी एक छोटी उशी पिशवीत घालून मिस्सेला नेली आणि पाचव्या बाकावर, अर्पणविधीच्या वेळी, तिच्यावर गुडघे टेकले. उठताना पुढच्या बाकाचा आधार घ्यावा लागला आणि तेथे बसलेल्या बाईंनी मागे वळून पाहिले. त्यांनी हात दिला.

‘लाइट ऑन योगा’ आणि ‘साधना’ आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात आहेत. गीताबाईंचे पुस्तक नव्हते. माझी प्रत मी सभागृहाच्या कपाटात, घोंगड्या आणि कॅरमबोर्ड यांच्या मध्ये ठेवली आहे. कॉलेजकन्येने ते पुन्हा नेले आहे, पहिली पाने सोडून वाचणार म्हणते.